वळचणीची फळी

उतरत्या छपराच्या खालच्या कडेला, वाशांच्या टोकांवर ठोकलेली उभी फळी. वाशांची उघडी टोके झाकणे, तळच्या ओळीतील कौलांना आधार देणे व पन्हळीचा भार पेलणे ही तिची कामे होत. कोकण-गोव्यातील कौलारू घरांत व मुंबईतील खोताच्या वाडीसारख्या जुन्या वस्तीत ती नक्षीदार झालरीच्या स्वरूपातही आढळते.

लाकडातील आर्द्रता सु. २० टक्क्यांहून अधिक काळ टिकली, की त्यात कूज आणणाऱ्या कवकांची वाढ होते. पाणी तंतूंच्या दिशेने फार लवकर शिरत असल्यामुळे फळीची टोके, सांधे व झालरीची कातरलेली टोके प्रथम कुजतात. मात्र कूज हा बहुधा अन्य दोषाचा परिणाम असतो. तुंबलेली पन्हळ किंवा फुटलेले कौल तसेच ठेवल्यास नवी फळीही फार काळ टिकत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या फळीवरच प्लॅस्टिकचे पातळ आच्छादन बसविण्याची पद्धत आहे. ती स्वस्त खरी; पण आत ओल कोंडून कूज वाशांपर्यंत पोहोचली, तरी बाहेरून दिसत नाही.

फळी बदलण्याचे काम पावसाळ्यापूर्वी, परांची बांधून करतात. पन्हळ व तळच्या एकदोन ओळींतील कौले उतरवून जुनी फळी काढतात. नंतर प्रत्येक वाशाचे टोक टोकदार हत्याराने टोचून पाहतात. हत्यार सहज रुतल्यास कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढतात व वाशाला बाजूने जोड देतात. ही पायरी गाळल्यास खिळे धरत नाहीत व पन्हळीसह फळी खाली येण्याचा धोका राहतो.

नव्या फळीसाठी सागाचे मुरलेले मध्यकाष्ठ उत्तम. रसकाष्ठ टिकाऊ नसते. बसविण्यापूर्वीच तिच्या सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या टोकांना, रंगाचे अस्तर देतात. सांधा वाशावरच व तिरका घेतात. तळच्या कौलांखाली दुसरी ओळ नसल्यामुळे फळीची वरची कड रिपांच्या पातळीपेक्षा साधारणतः कौलाच्या जाडीइतकी उंच ठेवावी लागते. ती कमी पडल्यास कौले पुढे झुकतात, अधिक झाल्यास उतार मोडून पाणी मागे मुरते. जुनी फळी झिजलेली असल्याने तिच्यावरून हे माप घेणे योग्य नव्हे. झालरीचा नमुना मात्र शाबूत तुकड्यावर कागद ठेवून उतरवून घेता येतो.