आकडा आजचा, मृत्यू कधीचा?

2021च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मी सांगलीत एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होते. पहिल्या पानावर रोज एक चौकट जायची: नवे रुग्ण, मृत्यू, बरे होऊन घरी गेलेले, उपचाराखालचे. संध्याकाळ झाली की आमचे वृत्तसंपादक अण्णा खुर्चीतूनच ओरडायचे, "आकडा आला का गं?" आधी जिल्ह्याचा यायचा, मग राज्याचा. देशाचा आकडा केंद्रीय आरोग्य मंत्रालय दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं. पलीकडच्या टेबलावर निधन वार्ता लावणारा मुलगा असायचा. एरवी एका कॉलममध्ये त्याचं भागायचं, त्या मे महिन्यात मात्र तो रोज जाहिरात विभागाशी जागेसाठी भांडत होता. ती चौकट आणि ते निधन वार्तांचं पान यांचा मेळ का बसत नाही, हे समजून घ्यायला मी जिल्हा रुग्णालयापासून जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपर्यंत सगळीकडे विचारत फिरले.

आधी रुग्णांचं. स्वॅब घेतला की नमुन्याचा फॉर्म भरला जाई, नमुना प्रयोगशाळेत जाई आणि निकाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पोर्टलवर चढे. तिथून तो ज्या त्या जिल्ह्याच्या यादीत यायचा. लाट चढत होती तेव्हा एकेक रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागत, कधी जास्तच. माणूस तपासणीला यायचा तोच ताप येऊन दोन दिवस झाल्यावर, आणि संसर्ग त्याआधी चार-पाच दिवसांचा. म्हणजे आज छापलेला रुग्ण साधारण आठ-दहा दिवसांपूर्वी बाधित झालेला असे. त्यात रविवारी तपासण्या कमी, म्हणून सोमवार-मंगळवारचा आकडा खाली. लगेच कुणीतरी 'दिलासा' असं शीर्षक द्यायचं आणि गुरुवारी पुन्हा 'उद्रेक'. विषाणूला रविवारची सुट्टी नसते. सात दिवसांची सरासरी काढली की ही वरखाली निघून जाते, पण सरासरीला शीर्षक देता येत नाही ही आमच्या धंद्याची अडचण.

18 एप्रिल 2021 रोजी राज्यात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रातला दुसऱ्या लाटेतला हा सर्वांत मोठा दिवस. देशाचा कळस 7 मेच्या सकाळी आला: 4,14,188. मला या आकड्यांपेक्षा त्यांच्या शेजारचा एक आकडा महत्त्वाचा वाटतो, शंभर तपासण्यांमागे किती बाधित निघाले तो. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर साथ आटोक्यात आहे असं समजावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष होता. आपल्याकडे एप्रिलमध्ये ते वीसच्या वर होतं. याचा अर्थ सरळ आहे: तपासण्या कमी पडत होत्या आणि जेवढे सापडत होते त्याच्या कितीतरी पट बाहेर फिरत होते. पुढे जून-जुलैत आयसीएमआरने देशभर रक्ततपासणीचं सर्वेक्षण केलं, तेव्हा सहा वर्षांवरच्या 67.6 टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. त्यात लसीचा वाटा होताच, पण लस न घेतलेल्यांतही हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर होतं. तोवर कागदावर बाधित होते तीन कोटींच्या आसपास, लोकसंख्येच्या दोन-सव्वादोन टक्के.

मृत्यूंचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. निदान मृत्यू तरी लपत नाही, अशी आपली समजूत असते.

राज्याच्या रोजच्या पत्रकात खाली एक ओळ असायची आणि ती बहुतेक जण वाचतच नसत. आज नोंदवलेल्या मृत्यूंपैकी इतके मागच्या 48 तासांतले, इतके मागच्या आठवड्यातले आणि इतके त्याहून जुने, अशी फोड त्यात दिलेली असे. माझ्या मते त्या पत्रकातली ही सर्वांत प्रामाणिक ओळ. रुग्णालयाकडून कागद उशिरा येतात, दोन याद्या जुळवाव्या लागतात, मग जुने मृत्यू एकदम चढतात. 16 जून 2020 रोजी राज्याने असे 1,328 जुने मृत्यू एका दिवसात जमा केले, त्यातले 862 मुंबईचे. पुढच्या वर्षी जूनमध्ये बिहारने 3,951 मृत्यू मागाहून नोंदवले आणि 10 जूनला देशाचा आकडा 6,148 वर गेला. लाट ओसरत असताना! आलेख बघणाऱ्याला वाटावं की सर्वांत भीषण दिवस तोच.

मिरजेचा पेच आणखी वेगळा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. अथणी, रायबाग, चिकोडी, सांगोला, शिरोळ, कुठून कुठून रुग्ण इथे येतात. अथणीचा माणूस मिरजेत गेला तर मृत्यूची नोंद मिरजेत होणार, कारण मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदवायचा असा कायदा आहे. कोरोनाच्या यादीत मात्र तो त्याच्या राहत्या जिल्ह्याच्या, म्हणजे बेळगावच्या नावावर जायचा. आमच्याकडे 'परजिल्ह्यातील' असा रकाना होता. तिथे चढलेलं नाव पलीकडच्या राज्याच्या यादीत पोचलं का, हे पाहणारं सांगलीत मला कुणी भेटलं नाही.

आणि जे घरीच गेले ते? खेड्यात तेव्हा पहिला प्रश्न असायचा, "स्कोअर किती आला?" म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा. स्कोअर अठरा, आरटीपीसीआर निगेटिव्ह, आणि माणूस गेला. दाखल्यावर न्यूमोनिया. आयसीएमआरने 2020मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं की मधुमेह, रक्तदाब ही मूळ कारणं धरू नका आणि चाचणीविना लक्षणांवरून ओळखलेल्या मृत्यूसाठीही वेगळा संकेतांक आहे. पण रोजच्या मोजणीत चाचणीचा पॉझिटिव्ह कागद असलेलाच मृत्यू धरला जाई.

गुजरातेत आमच्याच व्यवसायातल्या लोकांनी दुसरी वाट धरली. 'दिव्य भास्कर'ने मे 2021मध्ये मृत्यूच्या दाखल्यांचाच हिशेब मांडला. 1 मार्च ते 10 मे या 71 दिवसांत राज्यात सुमारे 1 लाख 23 हजार दाखले दिले गेले होते, आदल्या वर्षी याच काळात सुमारे 58 हजार. वाढ 65 हजारांची आणि सरकारी यादीत कोरोनाचे मृत्यू 4,218. सगळे 65 हजार कोरोनाचेच असं कुणी म्हणत नव्हतं. एरवी जितके मृत्यू होतात त्याहून किती जास्त झाले, एवढंच ही पद्धत सांगते. त्यात चाचणी झाली की नाही, डॉक्टरने काय लिहिलं, हे वाद येतच नाहीत.

सरकारी हिशेबातली तूट पुढे भरपाईच्या निमित्तानेही उघडी पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वारसांना 50 हजार रुपये द्यायचं ठरलं आणि चाचणीपासून 30 दिवसांत झालेला मृत्यू कोरोनाचा धरायचा असा नियम आला. जानेवारी 2022मध्ये न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू होते 1 लाख 41 हजारांच्या घरात आणि अर्ज आले होते 2 लाखांहून अधिक. गुजरातेत दहा हजारांवर मृत्यू आणि अर्ज ऐंशी हजारांच्या पलीकडे.

मे 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात सुमारे 47 लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी आकडा होता 4 लाख 81 हजार. गणिती प्रारूपावर बोट ठेवून आपल्या सरकारने तो अंदाज नाकारला. प्रारूपावर शंका घ्यायला हरकत नाही, पण मग आपली स्वतःची नोंद लवकर पुढे यायला हवी होती. नागरी नोंदणीचा 2021चा अहवाल आला तो मे 2025मध्ये. त्यात नोंदलेले मृत्यू आहेत सुमारे 1 कोटी 2 लाख. 2020मध्ये ते सुमारे 81 लाख होते, 2019मध्ये 76 लाख. एका वर्षात 21 लाखांची वाढ, आणि त्या वर्षातले अधिकृत कोरोना मृत्यू सव्वातीन-साडेतीन लाख. थोडी वाढ नोंदणी सुधारल्याचीही असेल. सगळी नव्हे. 1918च्या इन्फ्लुएंझात किती माणसं गेली याचा अंदाज करायला 1921च्या जनगणनेचा आधार होता. यावेळी 2021ची जनगणनाच झाली नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात कुणी गेलं तर 21 दिवसांच्या आत नोंद कराच, मृत्यू गावी, घरात झाला असला तरी. 2020मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22-23 टक्क्यांचंच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. रुग्णालयात मृत्यू झाला तर त्याच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी, अशी तरतूद 2023च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. ती प्रत मागा आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते तिथेच वाचून घ्या.