डाग नव्हे, प्रकाश!

खडीसाखरेचे खडे घरोघरीं सर्वांनीं पाहिलेले असतात. साखरेचा दाट पाक संथपणें निवूं दिला, म्हणजे दोऱ्याभोंवतीं पैलूदार खडे जमतात. घाई केली, तर बारीक दाणे तेवढे हातीं येतात. ह्याच सृष्टिनियमाच्या आधारें शास्त्रज्ञ आज प्रकाशाचा रंग पालटणारे स्फटिक वाढवितात. त्यांचीच हकीकत आज वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९६० सालीं लेसर नामक प्रखर व एकरंगी प्रकाश मनुष्याच्या हातीं आला. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत पीटर फ्रँकेन व त्यांचे सहकारी ह्यांनीं माणिक-लेसरचा तांबडा किरण क्वार्ट्झच्या स्फटिकांतून पाठविला. आंत शिरली ती ६९४३ अँगस्ट्रॉम लांबीची लहर. बाहेर पडतांना तिच्यासवें बरोबर निम्म्या लांबीची, डोळ्यांस न दिसणारी जंबुपार लहरही आली! छायाचित्राच्या कांचेवर तिचा अंधुक ठिपका काय तो उमटला. परंतु दैवदुर्विलास असा, कीं निबंध छापण्याच्या वेळीं तो ठिपका डाग समजून पुसण्यांत आला. चित्रांत त्याकडे बोट दाखविणारा बाण मात्र शिल्लक राहिला.

हें रंगांतर हरएक स्फटिकास साधत नाहीं. ज्याची अणुरचना मध्यबिंदूच्या दोहों बाजूंस सारखीच जुळते, त्यांत हा परिणाम आपला आपणच नाहींसा होतो. येथें थोडी विषमता हाच गुण ठरतो.

असा नवा स्फटिक द्रावणांतून वाढविणाराची तपश्चर्या मोठी असते. संपृक्त द्रावणांत एक निर्दोष बीज टांगावयाचें, आणि उष्णमान अंशाच्या अल्प भागानें उतरवीत आठवडेच्या आठवडे वाट पाहावयाची. एक हिसका बसला, कीं स्फटिकांत भेग पडून सारे श्रम वायां! पुढें क्ष-किरणांनीं अणूंची मांडणी पाहतात, कोणत्या रंगांस तो पारदर्शक आहे तें तपासतात, व किती प्रखर लेसर तो सोसतो तेंही पाहतात. मोठा खडा हातीं येण्यापूर्वींच पारख करण्याची युक्ति कुर्ट्झ व पेरी ह्यांनीं १९६८ सालीं सुचविली: भुकटीवर लेसर टाकावयाचा, व निघणारा प्रकाश ओळखीच्या स्फटिकाच्या भुकटीशीं ताडून पाहावयाचा.

आज सभागृहांतील फळ्यावर वक्ता जो हिरवा ठिपका फिरवितो, तो बहुधा अशाच स्फटिकाची करणी असते: १०६४० अँगस्ट्रॉमची अदृश्य लहर निम्मी होऊन हिरवी दिसते. एकदां डाग म्हणून पुसला गेलेला ठिपका असा घरोघरच्या मुलांच्या परिचयाचा झाला. लहानशा खुणेस डाग म्हणण्यापूर्वीं ती पुन्हां एकवार निरखून पाहावी, एवढाच बोध आम्ही ह्यांतून घेतों.