डोळे मिटूनही दिसणारा प्रकाश. पण या लेन्सने रात्री बिबट्या दिसेल का?

रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला अंधारात दिसणारी लेन्स मिळाली तर? चीनमधील हेफेई येथील शास्त्रज्ञांच्या गटाने मे 2025 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात अशाच एका कॉन्टॅक्ट लेन्सची माहिती दिली. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण ही लेन्स दिसणाऱ्या रंगांत बदलते. त्यासाठी ना बॅटरी लागते, ना वायर.

टीव्हीच्या रिमोटमधून हेच किरण निघतात. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात बटण दाबताच ठिपका चमकतो.

खरं तर प्रकाशाची ऊर्जा वस्तूत शिरून बाहेर येताना कमी होते. बँकेतल्या अतिनील दिव्याखाली नोटेवरचे धागे चमकतात, ते असेच. लेन्समधले सूक्ष्म कण मात्र उलटं करतात. अवरक्त प्रकाशाच्या एका कणात, फोटॉनमध्ये, हिरवा रंग देण्याइतकी ऊर्जाच नसते. म्हणून दोन फोटॉनची बेरीज करावी लागते. या प्रकारचा सर्वांत परिचित पदार्थ म्हणजे यटर्बियम आणि एर्बियम मिसळलेला सोडियम यट्रियम फ्लोराइड. त्यातला यटर्बियम 980 नॅनोमीटरचा किरण शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या एर्बियमला देतो. एर्बियम पहिल्या पायरीवर थांबतो. तेवढ्यात दुसरा हप्ता आला की तो वर चढतो आणि उतरताना हिरवा प्रकाश सोडतो. ही देवाणघेवाण फ्रान्सच्या फ्रान्स्वा ओझेल यांनी 1966 मध्ये मांडली. सगळी गंमत त्या पहिल्या पायरीवर टिकून राहण्यात आहे. फ्लोराइडच्या स्फटिकाची थरथर कमी ऊर्जेची असते, म्हणून पहिला हप्ता लगेच उष्णता होऊन वाया जात नाही.

मेख इथेच आहे. दुसरा हप्ता वेळेत यायचा तर किरण जोरदार हवेत. चाचणीत लोकांना दिसली ती अवरक्त एलईडीची उघडझाप. डोळे मिटल्यावर ती अधिक ठळक झाली, कारण हे किरण पापणीतून पार होतात, साधा उजेड अडतो. बारीक तपशील मात्र नुसत्या लेन्सने दिसत नाहीत. डोळ्याला चिकटलेल्या कणांतून प्रकाश पसरतो.

आणि बिबट्या? ही लेन्स साधारण 800 ते 1600 नॅनोमीटरचे किरण पकडते. जिवंत अंगाची ऊब 10,000 नॅनोमीटरच्या आसपास बाहेर पडते. म्हणजे बिबट्या या लेन्सला दिसणारच नाही. जुन्नर भागात वनविभागाने बिबट्याच्या शोधासाठी वापरलेले थर्मल ड्रोन त्या लांब लहरींवर चालतात. ते तंत्रच वेगळं.