थेट विमान की चेन्नईमार्गे?

अंदमानात स्कूबा डायव्हिंग करून हैदराबादमधल्या कुकटपल्लीला परतताना थेट विमान घ्यावे की चेन्नईमार्गे यावे, हे केवळ भाड्यावर ठरवू नये. पाण्याखालच्या दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. विमानातला हवेचा दाब मात्र सुमारे ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका कमी होऊ शकतो आणि मग त्या वायूचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणूनच एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, तर अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास उड्डाण टाळण्याची शिफारस आहे. चेन्नईत शरीराला उसंत मिळतेच की, असे कोणी म्हणेल. पण तो थांबा पहिल्या उड्डाणानंतरचा, त्यामुळे या तासांत तो धरता येत नाही. शिवाय दाब पुन्हा एकदा घटतो. तेव्हा शेवटचा पूर्ण दिवस पाण्याबाहेर काढावा. मग स्वस्तातले चेन्नईमार्गे तिकीटही चालेल.