भिंगाची पिशवी, मूत्रपिंडाची गाळणी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेलं भिंग काढून टाकतात, पण त्याभोवतीची पारदर्शक पिशवी जपतात. समोरून तिला गोल खिडकी पाडायची, आतला मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायचा आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचं. या सगळ्या खटाटोपात तिची मागची बाजू फाटता कामा नये. मध्यभागी ती जेमतेम 4 मायक्रॉन असते. आपला केसही तिच्या दहापट तरी जाड.

या पिशवीत एकही पेशी नाही. पेशींनी स्वतःभोवती विणलेला हा निव्वळ प्रथिनांचा पडदा, म्हणजे बेसमेंट मेंब्रेन. असे पडदे शरीरभर असतात, पण त्यांत सर्वांत जाड हाच. समोरच्या बाजूला तर तो वयाबरोबर आणखी जाड होत जातो.

त्याची मुख्य ताकद चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनची. कंडरांमधलं कोलॅजेन दोरखंडासारखं सरळ, ताठ. इथे तीन साखळ्यांचा पीळ मध्येमध्ये सुटलेला असतो, म्हणून रेणू वाकतो. एका टोकाला दोन रेणू जुळतात, दुसऱ्या टोकाला चार, आणि त्यातून जाळं तयार होतं. लॅमिनिनचं जाळं वेगळं. पेशी त्याला धरून राहतात. निडोजेन दोन्ही जाळ्यांना सांधतं, पर्लेकन पाणी धरून ठेवतं.

दोन रेणूंच्या जोडावर गंधक आणि नायट्रोजनचा बंध असतो, हे 2009 साली उलगडलं. तो बंध घडायला ब्रोमिन लागतं, हे कळायला 2014 उजाडलं! तोवर प्राण्यांच्या शरीरात ब्रोमिनचं अत्यावश्यक असं काही काम ठाऊकच नव्हतं.

या कोलॅजेनच्या साखळ्या सहा प्रकारच्या. त्यांतलं एक ठरावीक त्रिकूट भिंगाच्या पिशवीत, अंतर्कर्णात आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत असतं. त्याच्या जनुकात दोष असला की तिन्हीकडे बिघाड होऊ शकतो. सेसिल अल्पोर्ट यांनी 1927 साली एकाच कुटुंबातला मूत्रपिंडविकार आणि बहिरेपणा यांची सांगड घातली. त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. यात पिशवी पातळ पडते आणि काही रुग्णांचं भिंग समोर फुगतं.

तरुण मुलाच्या डोळ्यात असा फुगवटा आढळला, तर नुसता चष्मा बदलून थांबू नका. लघवीची आणि ऐकू येण्याचीही तपासणी करून घ्या. रॅमिप्रिलसारखी औषधं वेळेत सुरू झाली, तर मूत्रपिंड निकामी होणं काही वर्षं लांबवता येतं.