जगण्याचा खेळ आणि खेळाचा मालक



गेल्या दिवाळींत माझा नातू नागपुराहून वरूडला घरीं आला होता. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें मला ‘स्क्विड गेम’ नांवाची एक कोरियन चित्रमालिका दाखविली. ही २०२१ सालीं निघाली आणि देशोदेशीं घरांघरांतून पाहिली गेली. कर्जांत बुडालेलीं चारशें छप्पन्न माणसें एका बेटावर नेतात, त्यांना लहान मुलांचे खेळ खेळावयास लावतात, आणि जो हरला तो जागच्या जागीं ठार होतो. शेवटीं जो उरेल त्याला मोठी रक्कम मिळावयाची. पुढील भागांत मुखवटे घातलेले श्रीमंत पाहुणे येऊन या मरणावर पैजा लावतात, तेंही त्यानें सांगितलें. मीं दोन भाग पाहिले आणि उठलों.

“घाबरले का, आबाजी?” त्यानें हंसत विचारलें.

घाबरलों होतों, हें खरें. पण त्या खेळाला नव्हे. मला माझ्या वर्गांतील एक जुना तास आठवला होता. त्या तासाकडे मी पुढें येणारच आहें. आधीं या जातीच्या कथा म्हणजे काय, तें थोडें पाहूं.

सुखस्वप्नांतील आदर्श राज्याचें वर्णन करण्याची चाल जुनी आहे. तिच्या उलट, दुःस्वप्नांतील राज्य रंगविणाऱ्या ज्या कथा आहेत त्यांना इंग्रजींत डिस्टोपिया म्हणतात. त्यांतील राज्य कोठेंच नसतें. पण त्याच्या चालीरीती मात्र आपल्याच असतात, फक्त भिंगाखालीं धरून मोठ्या केलेल्या. मुंगी भिंगाखालीं धरली म्हणजे राक्षसीण दिसते, तरी ती मुंगीच असते. एच्. जी. वेल्स यानें १८९५ सालीं ‘द टाइम मशीन’ लिहिलें, त्यांत भविष्यकाळीं माणसाच्या दोन जाती झालेल्या आहेत: वर उन्हांत खेळणारी एक सुकुमार जात, आणि खालीं अंधारांत यंत्रें चालविणारी दुसरी. विलायतेंतील मालक व मजूर यांच्यामधील अंतर त्यानें कांहीं लाख वर्षें पुढें ओढून नेलें, इतकेंच. २०१३ च्या ‘स्नोपियर्सर’ या चित्रपटांत सारें जग बर्फानें गोठलेलें असून उरलेलीं माणसें एका न थांबणाऱ्या आगगाडींत राहतात. पुढच्या डब्यांत मेजवान्या, मागच्या डब्यांत किड्यांपासून केलेल्या वड्या.

मला यांत सर्वांत मर्मभेदक वाटली ती सुझॅन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या ‘द हंगर गेम्स’ या २००८ च्या कादंबरींतील एक बारीक तरतूद. तेथें दर वर्षीं प्रत्येक जिल्ह्यांतून बारा ते अठरा वर्षांचीं दोन मुलें चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि रिंगणांत एकमेकांशीं मरेपर्यंत लढावयास लावतात. चिठ्ठी म्हणजे सर्वांस सारखा न्याय, असें वरवर वाटेल. परंतु ज्याच्या घरीं अन्न नाहीं अशा मुलाला आपल्या नांवाची एक जादा चिठ्ठी टाकून त्याबद्दल एका माणसापुरतें वर्षाचें धान्य व तेल घेतां येतें. घरांत खाणारीं तोंडें जितकीं अधिक, तितक्या चिठ्ठ्या अधिक. कायदा कोणाचें नांव घेत नाहीं, सक्ती करीत नाहीं. आणि तरी मरणाची चिठ्ठी बहुतेक गरिबाचीच निघते. असा कायदा करणाऱ्याला तलवार उपसावी लागत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व परदेशचें झालें. मराठींत असें आहे काय? माझें उत्तर असें कीं, आहे. आणि त्याला बेटही लागत नाहीं नि आगगाडीही लागत नाहीं. मी अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेविषयीं बोलत आहें.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगांवचा. हें गांव आजच्या सांगली जिल्ह्यांत आहे. शाळा त्यांना जवळ जवळ घडलीच नाहीं. आईबापांबरोबर ते पायीं चालत मुंबईस आले, गिरणींत व मिळेल तेथें राबले, घाटकोपरच्या चिरागनगरांत झोपडींत राहिले आणि १८ जुलै १९६९ रोजीं वारले. दुष्काळांत धान्य लुटून भुकेल्यांना वांटणाऱ्या ‘फकिरा’वरील त्यांची १९५९ ची कादंबरी पुष्कळांस माहीत असते. ही लहान कथा त्या मानानें कमी वाचली जाते.

कथेचा नायक भीमा हा वारणाकांठचा धिप्पाड गडी. पोटासाठीं तो बायको व मुलगी यांस घेऊन मुंबईस येतो. उपनगराबाहेरच्या रानांत दगडाच्या खाणीवर त्याला काम लागतें. हत्तीच्या बळाचा माणूस, दगड फोडावयास आणखी काय पाहिजे? पण एके दिवशीं खाण बंद पडते. बळ तेंच, कुदळ तीच, भूकही तीच. फक्त काम नाहीं. अशा वेळीं स्मशानाच्या राखेंत त्याला सोन्याचा एक दागिना सांपडतो आणि तो राख चाळूं लागतो. राखेंतही श्रीमंत कोण नि गरीब कोण हें ओळखतां येतें, असें त्याच्या ध्यानांत येतें: जेथें सोनें निघतें ती श्रीमंताची. पुढें तो पुरलेलीं प्रेतें उकरूं लागतो. बायको विरोध करते, पण घर तर त्यावरच चाललेलें असतें.

मग एका सावकाराच्या मरणाची वार्ता येते. अमावास्येसारख्या काळ्या रात्रीं भीमा त्या थडग्याकडे जातो, तर तेथें कोल्ह्यांची टोळी आधींच उकरीत बसलेली! मग माणूस आणि कोल्हे यांची जी झुंज होते, तशी मराठींत मीं दुसरी वाचलेली नाहीं. कोल्ह्यांस मांस पाहिजे, भीमाला सोनें, दोघांसही पोटासाठींच. मृताच्या मुखांत सोन्याचा कण घालण्याची चाल आपल्यांत आहे. तो कण काढतांना प्रेताचा जबडा मिटतो आणि भीमाचीं बोटें दांतांत अडकतात. मेलेला सावकार जिवंत मजुराला सोडीत नाहीं! कसाबसा तो सुटतो, पण दोन बोटें कापून टाकावीं लागतात. आणि त्याच दिवशीं बातमी येते कीं, बंद पडलेली खाण पुन्हां सुरू झाली. तो डोंगराएवढा माणूस लहान मुलासारखा रडूं लागतो.

आतां माझ्या तासाकडे येतों. मी मॅट्रिक होऊन मास्तर झालेला माणूस. साहित्यशास्त्र माझें बेताचेंच. मोकळ्या तासाला मुलांना ही कथा मी वर्षानुवर्षें वाचून दाखवीत असें, आणि शेवटीं फळ्यावर तात्पर्य लिहीत असें: ‘अति लोभाचें फळ’. एका वर्षीं मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील संत्र्याच्या तोडणीवर जात; तोडा संपला कीं घरीं बसत. त्यानें विचारलें, “पन खान कोनं बंद केली, गुर्जी?”

मीं म्हटलें, “तें गोष्टींत नाहीं. खालीं बैस.”

तें खरोखरच गोष्टींत नाहीं, आणि कथेचें सारें वजन तेथेंच आहे. खाण बंद करणारा कोणी आहे, उघडणाराही आहे. पण त्याचा चेहरा कथेंत दिसत नाहीं. रिंगणांत दिसतात ते भीमा, कोल्हे आणि मढें. भीमानें कोल्ह्याला शत्रू मानावें आणि वाचकानें भीमाला लोभी मानावें, अशी ती रचना आहे. त्या रचनेंत इतकीं वर्षें फसलेला वाचक मीच होतों, आणि शेंकडों मुलांच्या वह्यांत मीं तें तात्पर्य उतरवून दिलें. लोभ पाहावयाचा असेल तर राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ पाहावा. तेथें कोंकणांतला विनायक पोट भरलेलें असतांही पुनः पुनः त्या राक्षसाच्या विवरांत उतरतो. भीमा मात्र काम गेल्यामुळें खाली उतरतो. दोघांच्याही हातीं सोनेंच आहे, पण गोष्टी दोन आहेत. हें मास्तरानें मुलांस सांगावयास पाहिजे होतें.

त्या कोरियन मालिकेच्या दुसऱ्या भागानेंही मला हेंच दाखविलें. खेळाडू मत देतात, बहुमतानें खेळ थांबतो, आणि सारे आपापल्या घरीं जातात. पण घरीं तेंच कर्ज, तीच आजारी आई. थोड्याच दिवसांत बहुतेक जण आपल्या पायांनीं परत येतात! म्हणजे कुलूप बेटाच्या दाराला नव्हतेंच. ‘तो आपखुषीनें गेला’ हें वाक्य आपण किती सहज बोलतों. भीमाही आपखुषीनेंच गेला होता.

आमच्या तालुक्याचें एक सांगतों. वरूड आणि मोर्शी हे संत्र्याचे तालुके. भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत यांची गणना होते. विहिरी आटल्या तेव्हां लोकांनीं बोअर घेतलीं. एकानें तीनशें फूट घेतलें कीं शेजारी पांचशें घेतो, आणि ज्याची ऐपत असेल तो त्याच्याही खालीं जातो. ज्याचें बोअर उथळ त्याची बाग आधीं वाळते. २०१९ च्या उन्हाळ्यांत कितीतरी बागा अशा वाळल्या. येथें कोणी मुखवटा घातलेला नाहीं, कोणी पैज लावीत नाहीं. दोन शेजारी बांधावर एकमेकांस ‘राम राम’ करतात आणि जमिनीच्या आंत एकमेकांचें पाणी ओढतात. ज्याला जमीनच नाहीं, तो तोडणीचा मजूर तर या खेळांत गडीही नाहीं. बाग वाळली म्हणजे त्याचा तोडा जातो आणि त्याला तें कोणी विचारीतही नाहीं.

एक आक्षेप मात्र मला स्वतःलाच टोंचतो. गरिबाच्या मरणाचा खेळ दाखवून मोठ्या कंपन्या पैसा मिळवितात, आणि आपण गादीवर लोळत तो पाहतों. मग त्या मुखवट्यांच्या पाहुण्यांत आणि आपल्यांत अंतर किती? स्क्विड गेमचा कर्ता ह्वांग डोंग-ह्युक यानें ही कथा २००९ च्या सुमारासच लिहून ठेवली होती. दहाएक वर्षें तिला कोणी घेतलें नाहीं. घेतली तेव्हां तिचा सोहळा झाला, लोक तसे पोषाख घालून मिरवूं लागले. रूपक गळून पडलें आणि खेळ तेवढा उरला. अण्णा भाऊंच्या कथेंत असें होत नाहीं, कारण त्यांनीं प्रेक्षकाला बसावयास जागाच ठेवलेली नाहीं. त्या थडग्यापाशीं जो जो आहे तो भुकेलेला आहे.

बांकावरचा तो मुलगा आतां मोठा झाला आहे. बोअरच्या गाडीवर कामास असतो. धुळीनें पांढरा होऊन हिंडतो. गेल्या उन्हाळ्यांत बाजारांत भेटला. मीं होऊन त्याला म्हटलें, “तुझा तेव्हांचा प्रश्न बरोबर होता.” त्याला प्रश्न आठवत नव्हता, पण भीमा आठवत होता.

“गुर्जी,” तो म्हणाला, “खान चालू झाली, तं मंग दोन बोटं नसलेल्या मानसाले तेनं कामावर घेतलं का नाई?”

तेंही गोष्टींत नाहीं.