तेलाची गाळणी



नागपूरच्या वैशाखांत ज्यांनीं एखादी दुपार काढली आहे, त्यांना धूळ म्हणजे काय हें सांगावयास नको. दारें-खिडक्या लावून, वाळ्याचा कूलर सुरू करून घरांत बसलें, तरी संध्याकाळीं टेबलावरून बोट फिरवितांच रेघ उमटते. आपण फडकें घेऊन ती पुसतों आणि विसरून जातों. हीच धूळ यंत्राच्या तेलांत शिरली म्हणजे मात्र ती फडक्यानें पुसतां येत नाहीं.

शहराच्या उत्तरेस कोराडीचें वीजकेंद्र आहे. तेथील तीन मोठे संच प्रत्येकीं ६६० मेगावॉटचे आहेत. अशा संचांत टरबाइनचा टनांनीं मोजावयाचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो. ज्या बेअरिंगांवर तो टेकलेला दिसतो, त्यांना तो वास्तविक शिवतसुद्धां नाहीं. मध्यें तेलाचा पडदा असतो व सारा भार त्या पडद्यावर तरंगत असतो. आणि हा पडदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, कित्येकदां त्याहूनही पातळ! बेअरिंगच्या आंत मऊ पांढऱ्या धातूचें अस्तर असतें. एखाददुसरा कण आला तर तें त्याला आपल्या पोटांत घेतें. पण कण मोठे आणि पुष्कळ येऊं लागले, तर पोटांत घ्यावयाचे तरी किती? अस्तर खरवडलें जातें, बेअरिंग तापतें आणि संच थांबवावा लागतो. तो थांबला आणि महिना मे असला, तर घरोघरच्या कूलरांना लागणारी वीज दुसरीकडून कोठून तरी आणावी लागते.

याहून नाजूक प्रकरण म्हणजे दाबाच्या तेलावर चालणारीं यंत्रें, म्हणजे ज्यांना आपण हायड्रॉलिक म्हणतों तीं. उमरेडसारख्या उघड्या कोळसाखाणींत खोदकामाला जीं अवजड यंत्रें लागतात, त्यांतील कित्येकांचा हात तेलाच्या दाबानेंच उचलला जातो. हा दाब हवेच्या दाबाच्या ३०० पटींपर्यंत जातो. एवढें तेल इकडून तिकडे वळविणाऱ्या झडपांतील फट मात्र अवघी कांहीं मायक्रॉनांची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, आणि ४० मायक्रॉनांहून लहान वस्तु नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. आतां मौज पाहा. जो कण आपल्याला दिसतो तो त्या फटींत शिरूंच शकत नाहीं. आणि जो फटींत शिरून अडकतो, घासतो, धातूचे नवे कण उकरून काढतो, तो आपल्याला दिसत नाहीं. शिवाय हे नवे कण पुढें जाऊन आणखी कण निर्माण करतात, तें निराळेंच.

म्हणून पेल्यांत तेल घेऊन, तो उजेडाकडे धरून, “छान आहे” असें म्हणण्यांत फारसा अर्थ नाहीं. एका मिलिलिटरमध्यें ४, ६ व १४ मायक्रॉनांहून मोठे कण किती, हें मोजूनच तेलाची प्रत ठरवितात. आयएसओ ४४०६ या मानकांत ती १८/१६/१३ अशा तीन अंकांनीं लिहितात. यांतील १८ चा अर्थ, ४ मायक्रॉनांहून मोठे कण दर मिलिलिटरला १३०० ते २५०० पर्यंत आहेत. अंक एकानें वाढला कीं कण दुपटीनें वाढले असें समजावें.

आतां गाळण्यांकडे वळूं. पंपाच्या तोंडाशीं तारेची जाळी असते. ती आपल्या चहाच्या गाळणीची थोरली बहीण. खडा, चिंधी, बुचाचा तुकडा एवढेंच ती अडविते. ती बारीक केली तर पंपाला तेल ओढणें जड जाईल. बारीक गाळण पंपाच्या पुढच्या, दाबाच्या नळींत किंवा तेल टाकीकडे परत येण्याच्या वाटेवर करतात. तेथें कागदाची अथवा कांचतंतूंची घड्या घातलेली गाळणी बसवितात. वस्त्रगाळ चूर्ण करतांना कापडाचीं छिद्रें काम करतात. येथें मात्र तंतूंच्या जाडीभर पसरलेल्या वांकड्यातिकड्या वाटांत कण अडकून पडतो. अशी गाळणी किती खरी, हें बीटा या आंकड्यावरून कळतें. १० मायक्रॉनांसाठीं बीटा २०० म्हणजे त्याहून मोठे २०० कण आले तर एकच निसटतो. बीटा २ म्हणजे निम्मे निसटतात. नुसतें “१० मायक्रॉनची गाळणी” असें सांगणें म्हणजे स्थळाची माहिती देतांना “मुलगा बरा आहे” एवढेंच सांगण्यासारखें होय.

गाळणी चोंदली कीं अलीकडचा व पलीकडचा दाब यांत अंतर पडूं लागतें. तें एका मर्यादेपलीकडे गेलें म्हणजे बहुतेक गाळण्यांतील सुटकेची झडप उघडते आणि तेल न गाळतांच पुढें जातें. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. कारण बेअरिंगला घाणेरडें तेल मिळणें वाईट खरें, पण तेल मुळींच न मिळणें त्याहून वाईट. मात्र हें अंतर दाखविणारा कांटा कोणी पाहिलाच नाहीं, तर गाळणी जागेवर असून नसल्यासारखी होते, आणि यंत्र कांहीं काळ बिनतक्रार चालत राहतें. माझ्या मतें कारखान्यांतील सर्वांत दुर्लक्षिलेलें उपकरण हेंच.

मोठ्या टाक्यांना आणखी एक बाजूचा फेरा जोडतात. लहान पंप थोडें थोडें तेल टाकींतून काढतो, गाळतो, पुन्हां टाकींत सोडतो. मूत्रपिंडें रक्त गाळतात तसें, अखंड, मुख्य यंत्र बंद असलें तरीही. टरबाइनच्या तेलांत वाफेचें पाणी शिरतें, त्यासाठीं गरगर फिरणारें भांडें वापरतात. दुधांतून साय वेगळी काढणारें असेंच यंत्र स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यानें १८७८ च्या सुमारास काढलें होतें. येथें साईऐवजीं पाणी व गाळ वेगळा होतो. तेलांत पुरतें मुरलेलें पाणी मात्र असें निघत नाहीं. त्याकरितां तेल किंचित् तापवून निर्वातांत सोडावें लागतें.

एवढें सगळें करून पुष्कळदां घाण शिरते ती नव्या तेलाबरोबर! उघड्यावर उभें ठेवलेलें पिंप दिवसा उन्हांत तापतें, आंतील हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. संध्याकाळीं वळवाची सर येते, झांकणावर पाणी सांचतें, पिंप एकदम निवतें आणि तेंच पाणी आंत ओढून घेतें. म्हणून पिंप आडवें ठेवावें, आणि तेंही असें कीं दोन्ही बुचें घड्याळांतील तीन व नऊ यांच्या जागीं येऊन तेलाखालीं बुडलेलीं राहतील. टाकींत भरतांना बादली घेऊं नये. गाळणी जोडलेल्या हातगाडीच्या पंपानेंच तेल चढवावें.